तिसरा कान

कानाच्या डॉक्टरांकडे समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. त्यांचं खासगी बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अहो, आज मशीन घ्यायचं म्हणजे घ्यायचं."

"मला काय धाड भरलीय? सगळं ऐकू येतं."

"म्हणूनच आपल्या वस्तीने मिळून केलेल्या मातीच्या पुतळ्याला तीन कान झाले."

"चूक शिल्पकाराची. शिडीवरून ओरडला, ‘आता कान करायला घ्या.’"

"‘मान’ म्हणाला तो. दोन कान आधीच झालेले दिसत नव्हते?"

"मला वाटलं, कलाकार माणूस आहे, असेल काही मनात."

"आणि तुम्ही मुकादमासारखे हात हलवलेत. सगळे मातीचे गोळे घेऊन तुमच्या मागे. थेट मानेवर कान."

"शिल्पकार तो कान काढणारच होता. वस्तीने काढू दिला नाही."

"कसा देतील? दुमजली डोकं ते. वरच्या कानांपर्यंत कोण पोचतंय? हल्ली जो तो त्या खालच्या कानात मनातलं सांगून येतो."

"तूही गेली होतीस. काल पाहिलं मी. बराच वेळ उभी होतीस."

"मग? घरात सांगून कुणाला ऐकू जातंय?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं काहीतरी."

"माझ्याबद्दल?"

"हळू बोलायची गोष्ट आहे. ओरडून नाही सांगणार."

 आजोबा उठून टेबलामागच्या बाईंकडे गेले.

"काय हो, ते मशीन आजच्या आज लावून मिळतं का?"