दोन नावं

अहो, निवृत्तीनंतर मला हिंजवडीच्या जुन्या कंपनीनं परत बोलावलं. विंडोज नवीन होतं तेव्हा सी भाषेत लिहिलेल्या आमच्या प्रोग्रॅमवर एका कारखान्याचं मशीन अजून चालतं. त्यात दुरुस्ती झाली होती, पण कंपाइल केलेले तुकडे लिंक करून एक प्रोग्रॅम बनवणं कुणालाच जमेना. मी जुना लिंकर शोधून ते केलं. प्रोग्रॅम सुरू झाला आणि स्क्रीनवर नावं उमटली, माझं आणि माझ्या तेव्हाच्या सहकाऱ्याचं, अविनाशचं. अविनाश गेल्या वर्षी वारला.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "ग्रेट, सर! फक्त ही नावं काढून परत लिंक कराल? क्लायंट विचारतो, ही माणसं कोण?"

"त्यातला एक मी."

"हो का? मग तुमचं राहू द्या हवं तर."

मी दोन्ही काढली.