गल्लीची खाट

खाट म्हटलं की माझं डोकं अजून सणकतं. काहून, ते सांगते. आमच्या गल्लीत ऑटो शिरत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी बैठकीत ठरवलं, की कोणाला साप चावला, कोणी चक्कर येऊन पडलं, तर डांबरी रोडपर्यंत न्यायला एक खाट कायम रिकामी ठेवायची. ती शेजारच्या काकाजींच्या ओट्यावर ठेवली, कारण बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं तेच बोलले होते.

एका दुपारी कपाशीवर फवारणी करून आमचे हे घरी आले आणि दारातच कोसळले. तोंडाला फेस. लेकरू कडेवर घेऊन मी पळाले, तर खाटेवर काकाजींचा ओला कापूस वाळत होता!

"काकाजी, खाट द्या! हे पडले!"

"देतो ना वो सूनबाई. आधी घरून चादर आण. मातीत पडला तं या कापसाले कोण भाव देईन?"

मी खाट धरून सरळ पालथी केली. शेजाऱ्यांनी ह्यांना तिच्यावर घालून ऑटोपर्यंत नेलं. यवतमाळच्या दवाखान्यातून हे जिवंत परत आले.

आणि पुढच्या बैठकीत काकाजी सगळ्यांसमोर म्हणतात, "सूनबाईनं माहा कापूस मातीत पाडला. तो कोण साफ करून देईन?"

"मी देते ना, काकाजी. एकेक काडी वेचून देते. फक्त तुमी पडले, तं मले घाई नका करू. मी आधी चादर शोधीन."

काकाजी खाली बसले. खाट आता माझ्या ओट्यावर आहे, आणि तिच्यावर मी लेकराचा लंगोटही वाळू घालत नाही.