दानीएलचा आठवडा

हसायचं नंतर, आधी ऐका. मुरबाडला घरी मी छोट्यांची शाळा घेते ना, तिथे दर आठवड्याला बायबलमधली एक गोष्ट आणि तिच्यावरचा खेळ असतो. त्या आठवड्यात दानीएल होता. त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, त्याने प्रार्थना केली आणि सिंहांनी त्याला काही केलं नाही. मुलांनी कागदी ताटल्यांचे सिंह केले.

दुसऱ्या दिवशी अंगणात कुत्रा केकाटला आणि एकदम गप्प झाला. शेजारीण ओरडली, "टीचर, दार लावा, बिबट्या!" मी किंचाळतच मुलांना आत ओढलं, कडी घातली आणि बघते तर पाड्यावरची यमी नाही! खिडकीतून दिसली. ओट्यावर हात जोडून, डोळे मिटून बसलेली, आणि कुंपणापाशी तो उभा. कसंबसं दार उघडलं, तिला काखोटीला मारलं आणि आत आले. तो ओढ्याकडे निघून गेला होता.

तिला खाली उतरवलं. म्हटलं, "दानीएलसारखी देवाला हाक मारलीस ना गं?"

"नाय टीचर. तुमचा देव आभाळात, लय लांब. आमचा देव वाघोबा, तो समोरच होता. त्यालाच सांगितलं, आमची टीचर घाबरलीय, तू जा."