डाळीच्या शिट्ट्या

वासण्याला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं नलिनीला ऐकायचं नव्हतं, पण आवाजच एवढा खुशीत होता!

"राजेश्वरी, आज घरात कुकर लावला!"

"काय सांगतेस! कारखान्यातल्या स्फोटापासून भाऊजी शिट्टी ऐकली की रस्त्यावर पळायचे ना?"

"दीड वर्ष शेजारी डाळ शिजवली गं. डॉक्टरांची औषधं चालूच आहेत, जोडीला योग शिकवायला हंसाबेन येतात. यांना कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून दार सताड उघडं ठेवतात, डोळे मिटायची सक्ती नाही."

"मग आज?"

"हे स्वतःच म्हणाले, ‘लाव.’ शिट्टी झाली. मीच गॅस बंद करायला धावले!"

"आणि भाऊजी?"

"खुर्ची घट्ट धरली, लांब श्वास सोडला आणि म्हणाले, ‘थांब, अजून दोन होऊ देत. डाळ कच्ची राहील.’"