टीव्हीतलं विमान

हसू नका, पण एका गेमपायी मी अख्खी गल्ली पळवली आहे. तेव्हा आम्ही पुलगावला, दारूगोळ्याच्या डेपोजवळ राहायचो. आतेभाऊ विजयने नागपूरहून कॉम्प्युटर आणला. त्याला पडदा नव्हता, टीव्हीलाच जोडायचा. मी अँटेनाची वायर न काढता त्याची वायर तिलाच पिळून दिली आणि बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा गेम लावला.

पाचच मिनिटांत शेजारचे वानखडेकाका दारात. डेपोतच नोकरी, चेहरा पांढराफटक. "बाहेर निघा! आमच्या टीव्हीवर इमान दिसून राह्यलं, बॉम्ब टाकून राह्यलं!"

आमचा गेम अँटेनातून त्यांच्या टीव्हीत शिरला होता! आत बाबा झोपले होते. मी गुपचूप कॉम्प्युटर बंद केला, वायर मात्र टीव्हीला तशीच राहिली.

तिकडून काकू किंचाळल्या, "अवो, इमान दिसत नाई आता! डोक्यावर आलं वाटते!"

झालं. बाबांसकट गल्ली शेताकडे पळत सुटली. खरं बोलायची माझी हिंमत होईना, म्हणून मीही पळालो. अर्ध्या वाटेत बाबा थबकले.

"टीव्ही चालूच राह्यला ना बे! बंद करून येतो," म्हणत ते घराकडे वळले.

तेव्हा मात्र मला वाटलं, एखादं खरं विमान आलं तर बरं.