किरणचा स्कार्फ

आमी मूळ हिंजवडीजवळच्या माणचंच. मी लग्न होऊन आले तवा हितं भाताची खाचरं व्हती, आता दारात उभं ऱ्हायलं की कंपन्यांच्या काचा डोळ्यावर येत्यात. मला मूल ऱ्हात नव्हतं, मग सासूबाईंनी सूर्यनारायणाला नवस बोलायला लावला, आयतवारचे उपास धरले, आन् किरण झाली, काय सांगू तुम्हाला, दुधावानी पांढरी, केस पांढरे, पापण्याबी पांढऱ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या कातडीत रंगच न्हाई, हिला उन्हात आणू नका. सासूबाई म्हणाल्या, ज्यानं दिली त्यालाच दाखवायची न्हाई व्हय? रथसप्तमीला अंगणात दूध उतू जाईस्तवर पोरीला मांडीवर घेऊन उन्हाकडं तोंड करून बसायच्या, सबंध हिवाळा तसंच. पोर डोळे मिटून रडायची. म्हातारीचा लई जीव व्हता हो तिच्यावर, खोटं कशाला बोलू.

मोठी झाली तशी तिचं तीच जपाया लागली, लांब बाह्या, टोपी, डॉक्टरांचं मलम. शाळेत पोरं भुरी म्हणून चिडवायची. मग हिंजवडीत नोकरी लागली, मैत्रिणीच्या मागं स्कूटीवर बसून जाया लागली, आन् हितल्या समद्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळत्यात, नुसते डोळे उघडे. मला म्हणाली, आई, ट्रॅफिकमधी मी सगळ्यांसारखी असते.

आन् तिचं ऑफिस समुद्रावर सहलीला गेलं. तिथं उतरल्यावर पोरींनी स्कार्फ सोडले, मग हिनंबी सोडला. ढग आलं व्हतं, गार वारा, ऊन हाय आसं वाटलंच न्हाई म्हणं. पाण्यात खेळली, मलम धुवून गेलं, पुन्हा लावलंच न्हाई. घरी आली ती तोंड, कान, मान लालबुंद, उशीला गाल टेकवंना. मी लई बोलले तिला, तर हसाया लागली, म्हणाली, लोक बघत व्हते गं आई, आज मी बघू दिलं.

फोड गेले, पन कानाच्या कडंला एक खपली ऱ्हायली. पडती, रगत येतं, पुन्हा धरती. पिंपरीला दवाखान्यात तुकडा काढून तपासाया दिलाय. मी इचारलं, त्या एका दिवसानं झालं का हो? डॉक्टर म्हणाले, एका दिवसाचं नाही मावशी, लहानपणापासूनचं ऊन साठत आलंय. मला आमचं अंगण आठवलं.

रिपोर्ट उद्या हाय. ती आत पडदं लावून बसलीया. उगवतीला तांब्याभर पाणी घालायचं मी अजून मोडलं न्हाई. लोक देवाला म्हणत्यात, लेकरावर नजर ऱ्हाऊ दे. मी म्हणते, बाबा, तू दिलीस, उपकार झाले, आता तिच्याकडं बघू नगं.