तंकप्पनची बॅटरी

तंकप्पन : हातात तरी घ्या, चेची. थोरली बहीण म्हणतो ना तुम्हाला! नुसती हातात घेतली म्हणजे विकत घेतली असं होत नाही.

सरसम्मा : तू दिलेलं हातात घेतलं की पुढं काय होतं ते मी बघितलंय. मागच्या खेपेला टोपलीभर बदकाची अंडी अशीच हातात घेतली होती. ती उबवायला कोंबड्या बिचाऱ्या उपाशीतापाशी बसून राहिल्या, आणि पिल्लं निघाली पाच.

तंकप्पन : त्याची भरपाई म्हणून दुसरी टोपली दिली ना! फुकट दिली.

सरसम्मा : दिलीस. तिचाच आज आठवा दिवस. आजच कळायला हवं, कोंबड्या बसवून ठेवायच्या की उठवायच्या. कापणी तोंडावर आलीय. शेतं मोकळी झाली आणि सांडलेलं भात टिपायला सोडायला माझ्याकडे पिल्लंच नसली तर वर्ष गेलं माझं.

तंकप्पन : तेच तर सांगतोय! अंड्यांत खोट नव्हतीच. खोट आहे ती तुमच्या त्या जुन्या बॅटरीत. बदकाच्या अंड्याचं कवच जाड. त्या मरतुकड्या पिवळ्या उजेडात जितं अंडंसुद्धा रिकामंच दिसणार. तुम्ही जिती अंडी उचलून कालव्यात फेकलीत, आणि वर देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगितलंत, तंकप्पनची अंडी पोकळ म्हणून. लोक माझी होडी दिसली की दार लावून घेतात.

अजिता : अम्मांनी कुणाला मुद्दाम नाही सांगितलं, मामा. शेजारच्या कुंजन्नम्मांनी विचारलं, म्हणून सांगितलं.

तंकप्पन : कुंजन्नम्माला सांगितलं म्हणजे काय उरलं, सूनबाई? चर्चची घंटासुद्धा तिच्यापेक्षा कमी लांब ऐकू जाते.

सरसम्मा : थांब, अजिता. तो म्हणतो ते खरं असेल तर माझ्या हातून दोन पापं झाली. जीव फेकले आणि माणसाचं नाव घालवलं. रात्री दिवा लावताना तेच डोक्यात येतं. म्हणून तर याला उंबऱ्याच्या आत घेतलं. दाखव ती बॅटरी.

तंकप्पन : ही बघा. तोंड पुढं ओढलं की उजेड बारीक होतो, लांब जातो. मागं ढकललं की पसरतो. सेल घालायला नकोत, मोबाइलसारखी चार्ज करायची. आमच्या सुनीषनं, जावयानं, चंगनाश्शेरीला दुकान टाकलंय. तिथं हातोहात खपतायत.

अजिता : डब्यावर लिहिलंय, उजेड दोन किलोमीटर जातो.

तंकप्पन : जातोच.

अजिता : अंडं तर वीतभर अंतरावर असतं, मामा. आणि ही किंमत बघा, अम्मा. नऊशे नव्व्याण्णव छापलंय, त्यावर काट मारलीय, खाली साडेतीनशे. काटसुद्धा छापलेलीच!

तंकप्पन : तुम्हाला तीनशे.

अजिता : 'पाण्यातही चालते' म्हणे. आणि तोंड सरकतं तिथं एवढी फट. आपल्याकडे होडीत चढताना हातातली जी वस्तू पहिली पाण्यात पडते, ती बॅटरीच. आणि पाचव्यांदा बटण दाबलं तर हे काय? अगं बाई, लुकलुकतेय!

तंकप्पन : ते संकटासाठी. संकटात सापडलात तर लांबून दिसावं.

अजिता : संकटात सापडले तर मी ओरडेन ना. बटण पाच वेळा कशाला दाबू?

सरसम्मा : ते सगळं राहू दे. मला एकच गोष्ट खुपतेय, तंकप्पा. अंडी विकणारा तू. आता अंडी तपासायची बॅटरी विकणाराही तूच. असं का?

तंकप्पन : म्हणजे मी बॅटरीत काही केलंय?

सरसम्मा : मी विचारलं. उत्तर तू दे.

तंकप्पन : चेची, तुमच्या नवऱ्याबरोबर मी शेतात बदकं राखली. पावसात एका छत्रीखाली झोपलोय आम्ही. आणि तुम्ही मला चोर ठरवताय?

सरसम्मा : त्याच्याबरोबर झोपलास म्हणून बॅटरी खरी होत नाही.

तंकप्पन : बरं! ऐका मग. टोपलीत भरायच्या आधी नाही, पण परवा तुम्ही देवळात गेला होता तेव्हा मी इथं येऊन बघितलंय. अजितानंच कोंबड्या बसवलेल्या कोठीघराचं दार उघडलं. याच बॅटरीनं एकेक अंडं बघितलं. प्रत्येकात शिरा आहेत. प्रत्येकात!

सरसम्मा : अजिता?

अजिता : बदकांना घालायचं औषध ठेवायचंय म्हणाले, अम्मा. मी चुलीपाशी होते.

सरसम्मा : हं. प्रत्येकात म्हणालास?

तंकप्पन : भगवतीची शपथ. एकूण एक.

सरसम्मा : शपथ नको घेऊस, आज माझं व्रत आहे. कोंबड्या बसवण्यात माझा जन्म गेला, तंकप्पा. एकूण एक अंड्यात जीव कधी नसतो. चांगल्यातल्या चांगल्या टोपलीतही चार-दोन रिकामी निघतातच. तुझी टोपली वाईट असती तर मला कळलं असतं. ती एवढी चांगली आहे म्हणूनच मला कळेना झालंय.

तंकप्पन : म्हणजे वाईट निघालं तरी मी लबाड, चांगलं निघालं तरी मीच लबाड!

सरसम्मा : चल आत. अजिता, कोंबड्यांना हळूच उचल आणि मागच्या अंगणात तांदळाची कणी टाक. त्या खाऊन परत येईपर्यंत बघायचं. अंडी गार होता कामा नयेत. आणि येताना स्वयंपाकघरातलं दुकानचं पांढरं अंडं घेऊन ये.

तंकप्पन : दुकानचं कशाला?

सरसम्मा : असू दे.

(तिघं कोठीघरात जातात. अजिता दार लावून फटीवर पोतं अडकवते.)

सरसम्मा : हं, दाखव. परवा कसं बघितलंस तसंच.

तंकप्पन : असं. अंडं या हातात, बॅटरी त्या हातात, हातभर लांब. तोंड पूर्ण पुढं ओढायचं. आता बघा अंड्यावर! दिसल्या शिरा? या, या, आणि ही आडवी.

अजिता : दिसतायत, अम्मा. खरंच दिसतायत.

तंकप्पन : सांगत नव्हतो!

सरसम्मा : दुसरं धर.

तंकप्पन : हे घ्या. यातही त्याच.

सरसम्मा : त्याच?

तंकप्पन : म्हणजे तशाच.

सरसम्मा : आता हे दुकानचं धर.

अजिता : अम्मा, ते कारखान्यातलं अंडं आहे. त्या कोंबड्यांच्या आयांनीसुद्धा कधी कोंबडा बघितला नसेल.

सरसम्मा : धर म्हणते ना.

तंकप्पन : धरलं.

अजिता : अगं बाई! यातही शिरा!

तंकप्पन : नाही, हे... थांबा. माझा हात हलला असेल.

सरसम्मा : हात नको हलवूस. नीट बघ. तुझ्या शिरा सरळ आहेत, तंकप्पा. पट्टीनं ओढल्यासारख्या. रक्त असं सरळ रेघेत वाहतं का? अजिता, बॅटरी घे त्याच्याकडून आणि भिंतीवर मार.

अजिता : चौकोन पडला, अम्मा! उजेडाचा चौकोन. आणि त्यात बारीक रेघा, खिडकीच्या गजांसारख्या.

सरसम्मा : तोंड मागं घे.

अजिता : रेघा गेल्या. उजेड गोल झाला. पुढं ओढलं... आल्या परत. दिव्याच्याच रेघा आहेत या, मामा. आतला तो पिवळा चौकोनी ठिपका दिसतो ना, त्याच्या. अंड्याशी काही संबंध नाही.

सरसम्मा : आता बोल.

तंकप्पन : मला... चेची, मला नव्हतं माहीत.

सरसम्मा : जावयाला माहीत होतं?

तंकप्पन : त्याला बदकाचं अंडं कुठल्या टोकानं उभं ठेवतात तेही माहीत नाही. आणि मी तरी कधी उजेडात अंडं बघितलंय? आम्ही बदकं राखणारी माणसं. अंडी उचलायची नि तुमच्याकडे द्यायची. आतलं बघणं तुम्हा बायकांचं काम. परवा रेघा दिसल्या आणि वाटलं, अरे, आहे जीव! देवळात जाऊन नारळ फोडला मी.

अजिता : मग बॅटरी परत द्यायची ना, अम्मा?

सरसम्मा : घाई करू नकोस. त्याचं धरणं चुकलं. बॅटरी चुकली की नाही ते अजून कळायचंय. आण इकडे. तोंड अर्ध्यावर, असं. मूठ करायची, मुठीच्या भोकात बॅटरी टेकवायची आणि वर अंड्याचा बोथट भाग. उजेड बाहेर सांडता कामा नये. आणि बघायचं बाजूनं, उजेडाच्या अंगानं नाही. टोपलीतलं बुडाशी कोळशाची बारीक खूण असलेलं अंडं दे.

तंकप्पन : कसली खूण?

सरसम्मा : कुंजन्नम्माच्या बदकांची दोन अंडी तुझ्या अंड्यांत घातलीत मी. त्याच दिवशी, त्याच कोंबड्यांखाली.

तंकप्पन : मला न सांगता?

सरसम्मा : सांगून संशय घेतात का?

अजिता : अम्मा! बघा, बघा! कोळ्यासारखं आहे आत. मधे काळा ठिपका आणि चहूकडे तांबड्या शिरा, वाकड्यातिकड्या. आणि... हललं! अम्मा, हललं ते!

सरसम्मा : दिसलं. माझ्या जुन्या बॅटरीत नुसती सावली दिसायची. एवढं स्वच्छ मी कधीच बघितलं नव्हतं.

तंकप्पन : मला बघू.

सरसम्मा : बघ. हा जीव. आता तुझं एक दे.

अजिता : हे घ्या.

सरसम्मा : रिकामं. बलकाची सावली आहे नुसती. तू स्वतः बघ, मी सांगते म्हणून नको मानू.

तंकप्पन : ...हो. दुसरं घ्या.

सरसम्मा : रिकामं.

तंकप्पन : ते टोकाचं घ्या. ते मोठं.

सरसम्मा : हेही. पुढचं दे, अजिता. हं... हे भरलंय. बाजूला ठेव. हे नाही. हे नाही. हेही नाही रे.

अजिता : खूण केलेलं दुसरं अंडं भरलेलं निघालं, अम्मा. मामांच्यात भरलेली सगळी मिळून चार.

सरसम्मा : म्हणजे मागच्या खेपेला मी फेकली ती जिती नव्हती.

तंकप्पन : नव्हती.

सरसम्मा : बस खाली. अजिता, त्याला पाणी दे. तंकप्पा, कळपात नर किती आहेत?

तंकप्पन : आहेत ना.

सरसम्मा : किती?

तंकप्पन : एक.

अजिता : एवढ्या मोठ्या कळपाला एक?

तंकप्पन : सुनीषच्या घरची माणसं लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आली. माणसं मोठी, कार घेऊन आलेली. त्यांना काय उकडलेला कप्प्याचा कंद आणि मासळी घालू? बदकच हवं. आणि माद्या कापल्या तर अंडी कुठून येणार? नर काय, नुसता खातो. म्हणून नर कापले. एक म्हातारा ठेवला, त्याचा एक डोळा गेलेला आहे, तो कोण खाणार म्हणून.

सरसम्मा : तुला ठाऊक होतं तर.

तंकप्पन : ठाऊक होतं आणि नव्हतंही. वाटायचं, एक तर एक, चालेल. तुमची पाच निघाली तेव्हा दुसरी टोपली उचलून आणली. मग ही बॅटरी मिळाली, तिच्यात रेघा दिसल्या. आपल्याला जे हवं ते दिसलं, चेची. मी मग पुढं बघितलंच नाही.

सरसम्मा : हं.

तंकप्पन : द्या इकडे बॅटरी. परत करतो सुनीषला.

सरसम्मा : का? बॅटरी चांगली आहे. कुणाचीच बाजू घेत नाही, अशी वस्तू तीनशेला मिळत असेल तर मला हवीय. तोंड सैल आहे तेवढं. हात लागला की सरकतं.

अजिता : अर्ध्यावर नखांना लावायच्या रंगानं खूण करते, अम्मा. आणि दोरी बांधते, होडीतून पडायला नको.

सरसम्मा : कर. आणखी कुणाकडे तुझी अंडी बसलीयत, तंकप्पा?

तंकप्पन : कुंजन्नम्माच्या जावेकडे. आणि पलीकडच्या काठावर दोन घरी. माझ्यावर विश्वास ठेवून घेतलीत त्यांनी. तुम्ही देवळात बोललात त्याच्या आधीची आहेत.

सरसम्मा : त्यांच्याही कोंबड्या फुकट बसल्यायत म्हणजे. आज ना उद्या त्यांनाही कळणार.

तंकप्पन : तुम्ही सांगणार का?

सरसम्मा : उद्या सकाळी होडी घेऊन ये. माझी पूजा झाली की निघू. तिन्ही घरी जाऊ.

तंकप्पन : सगळ्यांसमोर सांगाल, चेची?

सरसम्मा : सांगायचं तू. मी उजेड धरीन.